एमबीएचं पॅकेज आणि बापाचं सोयाबीन

जून लागला की उदगीरच्या बसस्थानकासमोर, कॉलेजच्या रस्त्याला आणि आता तर मोंढ्याच्या कमानीलाही फ्लेक्स लागतात. सगळ्यात जास्त नीटच्या क्लासेसचे, कारण हा लातूर जिल्हा आहे. पण त्यांच्या मधोमध दोन-चार एमबीएचेही असतात. टाय घातलेल्या मुलांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत एक आकडा : १२ लाख, १८ लाख, कुठं २४ लाख. हा आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. कुणाला तरी तो मिळालेला असतो. पण जे वडील तो फ्लेक्स वाचून माझ्याकडे येतात, त्यांच्या मुलाला तो मिळण्याची शक्यता किती, हे त्या फ्लेक्सवर कुठंच लिहिलेलं नसतं.

मी वाणिज्य शाखेला शिकवते. बी.कॉम.चा निकाल लागला की हा प्रश्न दर वर्षी दारात येतो. मुलं स्वतः विचारत नाहीत, त्यांचं ठरलेलं असतं. विचारायला येतात ते वडील, कधी आई, कधी मामा. हातात कापडी पिशवी असते. पिशवीत सात-बारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि त्या सगळ्यांवर कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक. "मॅडम, पोरगं एमबीए करतो म्हणतंय. करू द्यावं का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. पण त्याचा हिशोब मांडता येतो. आडतीवर पट्टी होते तेव्हा हमाली, तोलाई किती कापली हे नजरेनं तपासणारी ही माणसं आहेत. मुलाच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र ती आकड्यांपुढं हात जोडतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून हा हिशोब इथं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात फ्लेक्सवरच्या आकड्यापासून. कॉलेजं 'सर्वाधिक पॅकेज' सांगतात, नाहीतर 'सरासरी पॅकेज'. साठ मुलांच्या वर्गात दोघांना १८ लाख आणि बाकीच्यांना तीन-साडेतीन लाख मिळाले, तरी सरासरी चार लाखांच्या आसपास जाते आणि ती कुणाचीच नसते. पाहायचा असतो तो मधला पगार : सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाचा. तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत जे कॉलेज भाग घेतं, त्याला मुलं किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना लागली, पुढं शिकायला किती गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, ही माहिती भरावी लागते. ती कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफच्या नावाखाली टाकलेली असते. अशी माहिती भरणाऱ्या कॉलेजांच्या यादीत माहितीपत्रकावरचं कॉलेज नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

त्यातही एक खोच आहे. मधला पगार हा फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. वर्गात साठ मुलं आणि नोकरी पस्तिसांना लागली असेल, तर तो पस्तिसांतल्या मधल्याचा. अख्ख्या वर्गातला मधला मुलगा हा तिसावा. म्हणजे नोकरीवाल्यांच्या ओळीत तो शेवटाकडे उभा आहे, त्याच्यामागं पाच जण, आणि त्यांच्याही मागं नोकरी न लागलेले पंचवीस. आपलं लेकरू हुशार आहे असं प्रत्येक आईबापाला वाटतं आणि वाटायलाच हवं. पण कर्ज काढताना त्याला तिसावा धरूनच चालावं. तो पहिला आला तर आनंदच आहे, पण हप्ता तिसाव्यालाही झेपला पाहिजे.

आता पगार. समजा पॅकेज वर्षाला ४ लाख २० हजार. वडील लगेच बारानं भागतात आणि महिना ३५,००० धरतात. पण ३५,००० हातात पडत नाहीत. कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ याच आकड्यात धरते. मूळ पगार १५,००० असेल तर ते १,८०० झाले. ग्रॅच्युइटीची तरतूद धरली तर आणखी सव्वासातशेच्या आसपास. दहा टक्के रक्कम 'व्हेरिएबल' म्हणून बाजूला, म्हणजे महिन्याचे साडेतीन हजार, जे टार्गेट झालं तर वर्षाच्या शेवटी मिळतील. राहिलेल्या २९,००० मधून मुलाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले. हातात साधारण २७,००० पडले. पीएफ बुडत नाही हे खरं, पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही.

कर्जाचा हिशोब याहून अवघड नाही, फक्त तो कुणी अख्खा करून दाखवत नाही. दोन वर्षांची फी, पुण्यातलं राहणं-खाणं, लॅपटॉप असं सगळं धरून ८ लाखांचं कर्ज काढलं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी ४ उचलले, व्याज साडेदहा टक्के. कोर्सची दोन वर्षं आणि पुढं एक वर्ष हप्ता नाही. ही सवलत चांगली आहे, पण त्या काळात व्याज थांबत नाही. पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज १ लाख २६ हजार, दुसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचं ८४ हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ८ लाखांचं राहत नाही, १० लाख १० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता जवळपास १३,६३०. एकूण भरणा १६ लाख ३५ हजार. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत पंधरा वर्षांची केली तर तो ११,१६५ वर येतो, पण एकूण भरणा २० लाखांच्या पुढं जातो.

२७,००० हातात, १३,६३० हप्त्यात. राहिले १३,३७०. पुण्यात कॉट बेसिसवर साडेसहा हजार, मेसचे साडेतीन हजार. उरलेल्या सव्वातीन हजारांत बस, फोन, कपडे, आजारपण आणि दिवाळीला गावी यायची ट्रॅव्हल्स. घरी पाठवायला काहीच नाही. त्यात ज्या घरानं दोन वर्षं वाट पाहिली, त्यानं आणखीही एक रक्कम सोडलेली असते. मुलगा एमबीएला गेला नसता आणि एखाद्या दालमिलच्या हिशोबाला किंवा वाळूजच्या कंपनीत महिना १४,००० वर लागला असता, तर दोन वर्षांत ३ लाख ३६ हजार आले असते. हे पैसे कुणाच्या खिशातून जात नाहीत, म्हणून ते कुणी मोजत नाही.

मागच्या हंगामात देवणीकडचे एक गृहस्थ आले होते. साडेचार एकर स्वतःची, दीड एकर बटईनं. त्यांना मी हा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. ते मान हलवत होते, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. टक्के आणि मुदत हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले आकडे नव्हते. मग मी विचारलं, "एकरी सोयाबीन किती होतं?"

"पाऊस बरा झाला तर सात क्विंटल. नाहीतर पाचवर येतंय."

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. वर्षाचे बारा हप्ते म्हणजे १ लाख ६३ हजार ५६०. भागाकार केला तर पावणेएकतीस क्विंटलच्या जवळ आला. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, साडेचार गुणिले सात केलं, साडेएकतीस लिहिलं आणि पेन खाली ठेवला.

"म्हंजे माझं समदं सोयाबीन बँकेचं. आन् हमीभाव कोण देतंय मॅडम, मोंढ्यात चार हजाराला घासाघीस चालतीय."

त्यात बी, खत, फवारणी, कापणी, मळणी यांचा खर्च मी धरलेलाच नव्हता. तो त्यांनी धरला होता, कारण पुढं त्यांनी एकच विचारलं : "दहा वर्सं?"

मी हो म्हणाले. हा हप्ता शेतातून फेडायचा नसून मुलाच्या पगारातून फेडायचा आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण पगार थांबला, नोकरी गेली, टार्गेट जमलं नाही म्हणून पोरगं आठ महिन्यांत परत आलं, तर तो कुठून जायचा? कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. तीन हप्ते थकले की खातं एनपीएकडे, म्हणजे थकीत खात्यांत जातं आणि त्याचा डाग वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही पडतो. पुढच्या वर्षी पीक कर्जाला गेलं की साहेब तोच कागद पुढं करतात. पीक कर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं मिळतं. ते हातचं गेलं की बी-बियाण्याला शेकडा तीन रुपयांनी पैसे काढावे लागतात, म्हणजे महिन्याला तीन टक्के. मुलाच्या पदवीचं कर्ज अशा वाटेनं बापाच्या पेरणीपर्यंत येतं.

इथं कर्जमाफीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण बोलून दाखवत नसले तरी ती आशा अनेकांच्या मनात असते. आपल्याकडं माणसांनी २००८ ची केंद्राची कर्जमाफी पाहिली, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना पाहिली, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती पाहिली. सरकारी बँकेचं कर्ज आज ना उद्या माफ होतं असा एक समज त्यातून तयार झाला. या तिन्ही योजना शेतीच्या कर्जाच्या होत्या. शैक्षणिक कर्जाला त्यांतल्या एकीनंही हात लावला नाही. तसंच आयकराचं. कर्ज घेताना 'व्याजावर करसवलत मिळते' असं हमखास सांगतात. ती आहेच, पण जुन्या करपद्धतीत, आणि तीही ज्याला कर लागतो त्याला. वर्षाला सव्वाचार लाख कमावणाऱ्याला कर लागतच नाही, मग सवलत कशावर घेणार?

तारणाची गोष्टही आपल्याकडं वेगळी होऊन बसते. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राचा हमी निधी आहे. त्यापुढं मात्र तारण लागतं. गावाकडच्या माणसाला वाटतं, जमीन आहे की. पण ज्या सरफेसी कायद्यानं बँका तारण जप्त करतात, तो शेतजमिनीला लागूच होत नाही, म्हणून अशा कर्जाला शेतजमीन घ्यायला बँका नाखूश असतात. त्यांना एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट नाहीतर शहरातलं घर लागतं. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, त्यावर बँक समाधानी नसते. मग काय होतं? साडेसात लाख बँकेकडून आणि वरचे दीड-दोन लाख बहिणीचे दागिने गहाण ठेवून, नाहीतर अर्धा एकर विकून. कागदावर कर्ज साडेसात लाखांचं दिसतं, घराला ते नऊ लाखांचं पडलेलं असतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मी एमबीएच्या विरोधात आहे. मुळीच नाही. परिव्ययाचा हिशोब, मालाची किंमत कशी ठरते, खेळतं भांडवल कसं अडकतं, चार माणसांपुढं उभं राहून आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे ज्यांना शिकवलं जातं ती मुलं दोन वर्षांत बदलतात. मी ती बदलताना पाहिली आहेत. खेड्यातून आलेल्या मुलीनं खरेदीदाराशी भाव ठरवताना आवाज न चढवता आपला आकडा धरून ठेवणं, हे मला पदवीच्या कागदाहून मोठं वाटतं. प्रश्न ते शिक्षण किती रुपयांना घ्यायचं, एवढाच आहे.

आणि वाटा आहेत. एमएएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून प्रवेश घेतला, तर दारं उघडतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठी गोष्ट झाली : आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जातींच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की मुलींची ही माफी मिळत नाही, आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही तिच्यात येत नाहीत. फ्लेक्सवर मात्र हीच विद्यापीठं जास्त दिसतात. 'सीईटीची गरज नाही, थेट प्रवेश' असं लिहिलेलं वाचून घरात सुटकेचा श्वास टाकतात, पण त्या ओळीनं घराचे लाखभर रुपये, कधी त्याहून जास्त, गेलेले असतात. मी मुलींच्या पालकांना तर हात जोडून सांगते की एक वर्ष थांबावं लागलं तरी चालेल, पण सीईटी द्या.

कर्ज घ्यायचंच तर व्याजाच्या अनुदानाचाही विचार आधी करावा. वर्षाला साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. कोर्सची वर्षं आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. वरच्या हिशोबातले २ लाख १० हजार त्यात वाचू शकतात. पण संस्थेला नॅकची, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या परिषदेची, किंवा तत्सम मान्यता हवी, आणि मुलानं शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक साडेआठशेवर दर्जेदार संस्थांपुरती आहे. तिच्यात तारण लागत नाही आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. कॉलेज त्या यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. आणि घरातून थोडं जरी जमत असलं तरी कोर्स चालू असताना व्याज भरत राहावं. पहिल्या वर्षी महिना ३,५००, नंतर ७,०००. असं केलं तर हप्ता १०,८०० च्या आत राहतो आणि शेवटी सगळा भरणा मिळवून १ लाख ३० हजारांच्या आसपास वाचतात.

जुन्या आयआयएमचं गणित निराळं आहे. अहमदाबाद, बंगळुरू, कोलकाता इथं दोन वर्षांची फी आता २० लाखांच्या बरीच पुढं गेली आहे. पण तिथला एका वर्षाचा मधला पगारच फीहून जास्त असतो. आमच्याकडची एखादी मुलगी कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन तिथं पोहोचली, तर तिच्या वडिलांना मी दोनदा विचार करायला सांगणार नाही. अडचण त्यांच्या खालच्या थराची आहे, जिथं फी मोठ्या संस्थांकडं पाहून ठरते आणि पगार गावाकडच्या बाजाराकडं पाहून.

माझं स्वतःचं माप असं आहे. वर्गातल्या मधल्या मुलाला हातात मिळणाऱ्या पगाराच्या एक चतुर्थांशाहून हप्ता मोठा नसावा. २७,००० चा चौथा हिस्सा पावणेसात हजार. वरच्या व्याजदरानं आणि मुदतीनं तेवढा हप्ता चार लाखांच्या उचलीला बसतो. म्हणजे चार लाख पगार देणाऱ्या कॉलेजसाठी चार लाखांपर्यंत कर्ज. तेवढ्याला तारणही लागत नाही. हे माप कुणी ठरवून दिलेलं नाही, मी अनेक घरांचे हिशोब पाहून धरलं आहे. चौथ्या हिश्शाच्या आत हप्ता असलेली मुलं नोकरी बदलू शकतात, आजारी आईसाठी महिनाभर सुट्टी घेऊ शकतात, लग्न लांबवत नाहीत. अर्धा पगार हप्त्यात जाणारी मुलं साहेबाच्या तोंडाकडं बघत बसतात.

त्याहून जास्त मला खटकतं ते वेगळंच. मोठं कर्ज घेतलेलं मूल गावाकडं परत येऊ शकत नाही. आणि व्यवसाय शिकलेल्या माणसांची सगळ्यात जास्त गरज आज इथंच आहे. लातूर-उदगीरच्या दालमिला, हिंगोली-वसमतची हळद, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर. यांतल्या वसमतच्या हळदीला आणि लातूरच्या या तिन्ही वाणांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकन मिळालं म्हणजे भाव मिळाला असं होत नाही. प्रतवारी, पॅकिंग, खरेदीदार, कागदपत्रं, वेळेवर पैसे, हे सगळं कुणीतरी बसून करावं लागतं. २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना काढली, तेव्हा त्यात कंपनीच्या सीईओच्या पगारासाठी महिना २५,००० पर्यंत तरतूद ठेवली. गावात राहून, घरचं खाऊन २५,००० म्हणजे पुण्याच्या २७,००० पेक्षा चांगलेच. १३,६३० चा हप्ता जाऊनही ११,३७० उरतात, आणि त्यातून कॉटचं भाडं द्यायचं नसतं. मग मुलं का येत नाहीत? कारण ही मदत तीन वर्षांची आहे आणि हप्ता दहा वर्षांचा. तीन वर्षांनी कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही तर पगार थांबेल, आणि ज्याच्या डोक्यावर अजून सात वर्षांचं कर्ज आहे, तो ही जोखीम घेणार नाही. त्याच्या जागी कुणीही घेणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी ती जोखीम घेऊ शकली. ती सीईटी देऊन छत्रपती संभाजीनगरला शिकली, शुल्क माफ होतं, राहण्या-खाण्यापुरतं १ लाख २० हजारांचं कर्ज काढलं. सगळं व्याज मिळवून पाच वर्षांचा हप्ता सव्वातीन हजारांच्या आसपास. आज ती हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या एका उत्पादक कंपनीचं काम बघते. यंदा मी तिच्याकडं गेले तेव्हा शेडमध्ये हळकुंडांचा ढीग होता, पॉलिशच्या ड्रमचा आवाज चालू होता आणि धुळीनं तिच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. एक हळकुंड मोडून तिनं मला दाखवलं. आत गर्द नारिंगी, मोडताना कट्ट आवाज. "ओलं असलं की हा आवाज येत नाही मॅडम, आणि व्यापारी तिथंच क्विंटलमागं दोनशे-तीनशे तोडतो." तिनं सभासदांना वाळवणीसाठी ताडपत्र्या घ्यायला लावल्या, पोत्यावर लॉटचा नंबर टाकायला लावला आणि सांगलीचे भाव रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर जातील अशी सोय केली. पगार पुढच्या वर्षी राहील का, मी विचारलं. नाही राहिला तर सहा महिने भागेल असं तिनं शांतपणे सांगितलं. तिच्याच वर्गातली, तिच्याइतकीच हुशार दोन मुलं हडपसरला विम्याच्या पॉलिसी विकतात. ती वाईट नोकरी नाही. पण त्यांतल्या एकाला गावी यायचं आहे, त्याच्या वडिलांची हळदच आहे, आणि तो येऊ शकत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. कोर्सच्या काळातलं व्याज भरायची योजना सरकारकडं आधीपासून आहे. जो पदवीधर आपल्या जिल्ह्यातल्या उत्पादक कंपनीत किंवा बचत गटांच्या संघात काम करेल, त्याच्यासाठी ती योजना तो तिथं असेल तेवढी वर्षं पुढं चालवली, तर १० लाख १० हजारांच्या कर्जावर सुरुवातीला महिन्याचं व्याज जवळपास ८,८४० होतं. १३,६३० च्या हप्त्यातले तेवढे सरकारनं उचलले, तर मुलाच्या वाट्याला पाच हजारांहूनही कमी येतात. कंपन्या काढायला, शेड बांधायला, यंत्रं घ्यायला लाखो रुपये दिले जातात, आणि त्या शेडमध्ये हिशोब ठेवायला माणूस टिकत नाही म्हणून ती बंद पडतात. हे मी जिल्हा उपनिबंधक कार्यालयातल्या एका बैठकीत मांडलं, कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांनाही लिहून दिलं. तोवर देवणीच्या त्या गृहस्थांच्या मुलाचं ठरलं आहे : यंदा सीईटी, कॅपमधून जिथं लागेल तिथं, आणि चार लाखांच्या वर एक रुपया उचलायचा नाही.